रोज दीड किलो गाजर

मुंजाजीला शाळेच्या गाडीवरून खाली उतरवून तीन दिवस झाले होते आणि घरात त्याने अजून खरं कारण सांगितलेलं नव्हतं.

खरं कारण एवढंसं होतं. पुसेगावातल्या एका इंग्रजी शाळेची पिवळी बस तो नऊ वर्षं चालवत होता. यंदा संस्थेने नियम काढला की ड्रायव्हरच्या डोळ्यांचं सर्टिफिकेट फाइलला लागलं पाहिजे. म्हणून मुंजाजी हिंगोलीला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरसमोर बसला. भिंतीवरच्या पाटीच्या वरच्या दोन ओळी त्याने खणखणीत वाचल्या. तिसरी ओळ अंदाजाने काढली. चौथ्या ओळीला त्याने डॉक्टरलाच विचारलं, की तिथं काही लिहिलेलं आहे का. डॉक्टरने कागदावर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि मराठीत सांगितलं की लांबचा नंबर आलाय, समोरच्या दुकानातून चष्मा करून घ्या, तो घालून या, मी लगेच सही करतो.

अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण आमच्याकडचा गडी तंबाखूचा तोबरा भरून लग्नात भाषण करतो, दारू पिऊन गटारात पडला तर दुसऱ्या दिवशी तेच पारावर बसून रंगवून सांगतो, त्याची त्याला लाज वाटत नाही. लाज वाटते ती चष्म्याची. चष्मा लागला म्हणजे माणूस उतरणीला लागला, असं मुंजाजीचं मत होतं आणि ते त्याने लपवलंही नव्हतं. साखऱ्याचा त्याचा मेहुणा धम्मानंद चष्मा लावायचा. सासुरवाडीच्या प्रत्येक पंगतीत मुंजाजीने त्याच्या ताटात सगळ्यात आधी वाढायला लावलं होतं, कारण काय, तर भाकरी आणि ताट यातला फरक त्याला लवकर कळावा. असा माणूस आता कोणत्या तोंडाने चष्मा घालून गावात फिरणार?

म्हणून त्याने शाळेत सांगितलं की कागद महिन्याभरात मिळेल. मुख्याध्यापक म्हणाले, ठीक आहे, वीस फेब्रुवारी. तोवर संस्थेच्या अध्यक्षांच्या शेतावरचा ट्रॅक्टरवाला भावसिंग गाडी चालवेल. वीस तारखेला कागद टेबलावर आला नाही, तर भावसिंगलाच कायम करावं लागेल.

घरी बायकोने, जनकाबाईने, विचारलं की गाडीवर का जात नाही. मुंजाजीने खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला. त्यावर इंग्रजी होतं आणि इंग्रजी घरात कोणालाच येत नव्हतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"डोळ्याला कमजोरी आलीय मनून राहिले डॉक्टर," तो म्हणाला. "ताकद पायजे म्हणे. महिन्याची मुदत हाय."

जनकाबाईने कागदाची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि कामाला लागली. नवऱ्याला ताकद पाहिजे म्हटल्यावर ती दुसरं काही विचारणाऱ्यातली नव्हती.

त्याच आठवड्यात अंगणवाडीत बायकांची बैठक झाली. प्रतिक्षाताई सेविका शहाणी पोरगी. तिने तक्ता लावून नीट सांगितलं, की गाजर, पपई, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यात अ जीवनसत्त्व असतं, लेकरांच्या डोळ्यांना ते लागतं, रोज एक वाटी खायला द्या, वरून चमचाभर तेल पडू द्या म्हणजे अंगी लागतं. मग तिने एकेका बाईची पापणी खाली ओढून पाहिली. जनकाबाईची दोनदा पाहिली. रक्ताच्या लाल गोळ्यांची पाकिटं हातात दिली आणि बजावलं, की रोज एक, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, वरून लगेच चहा प्यायचा नाही.

जनकाबाईने सगळं मान हलवून ऐकलं. घरी येईपर्यंत त्यातले दोनच शब्द शिल्लक राहिले, गाजर आणि डोळे. वाटी वाटेत कुठंतरी गळून पडली. वाटीने आमच्याकडे मोजतो कोण? पिकाला जोर नाही म्हटलं की दुकानदार सांगतो एकरी एक पोतं आणि आपण फेकतो दोन. पीक जळालं तर दोष बियाण्याचा. ज्या बाईचं आयुष्य असं खत टाकण्यात गेलं, ती नवऱ्याच्या डोळ्याला एक वाटी गाजर टाकून गप्प कशी बसेल?

सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर गाजराचा रस. न्याहारीला गाजर घातलेलं थालपीठ. दुपारी गाजराची भाजी आणि बाजूला गाजराची कोशिंबीर. चार वाजता पपई. रात्री भोपळा आणि झोपताना गाजराचा शिरा, ताकद जिरावी म्हणून. रोजचं दीड किलो गाजर एकट्या माणसाच्या पोटात जात होतं. आठवडी बाजारात भाजीवाल्याने जनकाबाईला विचारलं की म्हैस गाजरावर धरली का. ती म्हणाली, न्हाई, मालक धरलाय.

लाल गोळ्यांचंही तिने असंच केलं. गोळ्या रक्ताच्या, रक्त म्हणजे ताकद, ताकद पाहिजे नवऱ्याला. आपल्याला काय, आपल्याला थोडीच गाडी हाकायची आहे. रोज दोन गोळ्या ती त्याच्या तळहातावर ठेवायची आणि त्या गिळल्याशिवाय समोरून हलायची नाही.

मुंजाजीला गाजराचा वास येऊन आठव्या दिवशी मळमळायला लागलं. पण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं आणि कारण सांगायचं तर चष्मा सांगावा लागला असता. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटत होतं, कोणी सांगावं, सुधारेलही नजर. तो रोज सकाळी ओट्यावर बसून रस्त्यापलीकडच्या खताच्या दुकानाची पाटी वाचायचा. पाटी झरझर वाचता यायची. त्याला आनंद व्हायचा. मग आठवायचं की ही पाटी पंधरा वर्षांपासून इथंच आहे आणि ती आपण डोळे मिटूनही म्हणू शकतो. मग तो डोळे मिटून म्हणून बघायचा. यायची.

त्यात रोज संध्याकाळी भावसिंग यायचा. मुंजाजीला वाटायचं, हा आपली जागा खायला टपलाय आणि पाहायला येतो की आपण किती दिवसांचे पाहुणे. भावसिंग ओट्यावर बसून रडकुंडीला आलेला असायचा. वळणावर कोणत्या लेकराला मळमळतं, कोणाला खिडकीशी बसवायचं, मागच्या सीटवरची मारामारी कशी सोडवायची, एवढंच त्याला विचारायचं असायचं.

"नांगर ओकत न्हाई, दादा," तो म्हणायचा. "अन् नांगर मॅडमला नाव बी न्हाई सांगत. लवकर बरे व्हा तुमी."

तो हे मनापासून म्हणायचा. मुंजाजीला त्यातही डाव दिसायचा.

दुसऱ्या आठवड्यात धम्मानंदच्या शेतात हळद शिजवायला निघाली. घरी बसून डोकं फिरण्यापेक्षा बरं म्हणून मुंजाजी साखऱ्याला चार दिवस राबून आला. कढईजवळचं काम, वाफ आणि चिखल, पायात गुडघ्यापर्यंत बूट. सगळ्यांचे हात पिवळे झाले होते, तसेच त्याचेही झाले. आमच्या भागात फेब्रुवारीत पिवळा हात बघून कोणी वळूनही पाहत नाही.

आठ दिवसांत धम्मानंदचे हात धुऊन निघाले. मुंजाजीचे निघेनात. साबण झाला, कपड्याचा सोडा झाला, शेवटी रॉकेल झालं. उलट तळहात जास्तच पिवळे, नारिंगीच म्हणा, व्हायला लागले. मग एके दुपारी तो गाढ झोपला असताना जनकाबाईचं लक्ष त्याच्या तळपायांकडे गेलं. तळपाय हातांसारखेच पिवळे होते. ती जवळ जाऊन बसली. हळद लागली म्हणावं तर चार दिवस पायात बूट होते. तिने वर पाहिलं. नाकाचा शेंडा आणि नाकाच्या दोन्ही बाजू पिवळ्या होत्या.

तिने त्याला हलवून उठवलं आणि विचारलं, की तुम्हाला अंगात काही वाटतंय का.

मुंजाजीला वाटत होतं. दोन आठवड्यांपासून त्याला परसाकडला डांबरासारखं काळं होत होतं आणि ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आतून काहीतरी जळत चाललंय अशी त्याची खात्री झाली होती. चष्म्याचं गुपित आणि हे गुपित, अशी दोन ओझी घेऊन तो दिवसभर पाटी वाचत बसायचा.

"काय न्हाई," तो म्हणाला. "कमजोरी हाय."

ती ताबडतोब उठली आणि रस करायला गेली.

संध्याकाळपर्यंत आळीतल्या पाच बायका येऊन बघून गेल्या आणि पाचही जणींनी एकच सांगितलं. कावीळ. तिच्या माहेरचे लोक बुवा-उताऱ्यांना मानत नव्हते. धम्मानंदने तर गावात त्यावर व्याख्यान दिलं होतं. म्हणून तिने भावाला काही कळवलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला घेऊन शेजारच्या वस्तीवर संतराम बुवाकडे गेली. बुवा चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवायचा. परातीत पाणी, पाण्यात चुना, रोग्याचे हात पाण्यात, वरून बुवा काहीतरी पाला चोळणार, पाणी पिवळं होणार, बघणारे माना डोलावणार आणि बुवा म्हणणार, उतरली.

मुंजाजीने हात बुडवले. बुवाने पाला चोळला. पाणी पिवळं झालं नाही. लाल झालं. आधी कडेकडेने, मग सगळी परात रक्तासारखी.

बुवा स्वतःच मागे सरकला. तिथं बसलेल्या बायकांपैकी एकीने तोंडाला पदर लावला. खरं तर त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं की हळदीत चुना पडला की कुंकू होतं. मुंजाजीच्या नखांत आणि हातांच्या भेगांत धम्मानंदची हळद होती, दुसरं काही नव्हतं. पण भीती एकदा बसली की माणसाला आपल्या घरातलं कुंकूही आठवत नाही, आणि बुवासारख्यांचं पोट त्यावरच चालतं.

सावरून बुवाने आवाज खाली आणला. "रक्तात उतरलीय. परसाकडला कसं होतंय?"

मुंजाजीचा दोन आठवड्यांचा बांध फुटला. "काळं," तो म्हणाला. "पार डांबर."

जनकाबाईने त्याच्याकडे पाहिलं. बुवाचा चेहरा उजळला. त्याने सांगितलं, की तेल बंद, मीठ बंद, हळद बंद, भाकरी अर्धी. उसाचा रस, पपई आणि रक्त वाढायला गाजर, हवं तेवढं.

त्या दिवसापासून गाजर दोन किलो झालं.

आता घरात हसणं-बोलणं बंद झालं. जनकाबाई पहाटे उठून किसायला बसायची. दम लागला की भिंतीला टेकायची, परत किसायची. नवऱ्याला अळणी आहे म्हणून ती स्वतःही अळणी खायची आणि तेही त्याचं झाल्यावर जे उरेल तेवढंच. मधे भूक लागली तर कोरा चहा. मुंजाजी दिवसात चार वेळा आरशासमोर उभा राहायचा. लांबून त्याला चेहरा धूसर दिसायचा आणि बरं वाटायचं. जवळ गेला की पिवळा दिसायचा.

सोळा तारखेला मुख्याध्यापकांचा फोन आला. पालक विचारत होते. एका आईने म्हटलं होतं की कावीळवाला ड्रायव्हर परत आला तर मी माझं लेकरू पायी पाठवीन. बसमधल्या पोरांनी तर काका गाडीच्या रंगाचे झालेत असं वर्गात सांगून टाकलं होतं. मुख्याध्यापक मऊ आवाजात म्हणाले, की आता डोळ्यांचा एक कागद आणि कावीळ नसल्याचा दुसरा, असे दोन्ही लागतील. तारीख मात्र तीच, वीस.

मुंजाजीने फोन ठेवला आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी गेली, हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं.

अठराला धम्मानंद मुंजाजीचे हळदीच्या कामावर राहिलेले जेवणाचे डबे परत द्यायला आला. दारातच थबकला. चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"जयभीम, दाजी," तो म्हणाला. "हे काय करून घेतलं?"

जनकाबाईने बुवा सोडून सगळं सांगितलं, आणि मग भावाने नुसतं बघत राहून बुवाही काढून घेतला. तो ओरडला नाही. परात लाल का झाली, एवढं त्याने दोन वाक्यांत सांगितलं. जनकाबाई खाली बघत राहिली. मग त्याने दोघांना गाडीवर मधे-मागे बसवलं आणि थेट हिंगोलीला, एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. मुंजाजी जिना चढून वर गेला. जनकाबाईला मधे दोनदा थांबावं लागलं, पण त्या दिवशी रोगी ती नव्हती, त्यामुळे कोणी पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मुंजाजीला खिडकीपाशी उभं करून डोळे ताणून पाहिले. बुबुळाभोवतीचं पांढरं अगदी पांढरं होतं. पोट दाबलं. लघवीचा रंग विचारला. मग तळहात उलटेपालटे करून बघत त्यांनी विचारलं, की रोज खाता काय.

जनकाबाई याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने अभिमानाने सगळं सांगितलं, रसापासून शिऱ्यापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला.

त्यांनी समजावलं ते असं, की कावीळ असती तर डोळे आधी पिवळे झाले असते. हा गाजराचा रंग आहे. त्यातला लागेल तेवढाच शरीर वापरतं आणि अ जीवनसत्त्व करतं. उरलेला रंग कातडीत जाऊन बसतो, तळहात, तळपाय, नाक. धोका काही नाही, गाजर थांबवा, दोन-तीन महिन्यांत माणूस मूळ रंगावर येईल. आणि ते काळं? जनकाबाईने लाल गोळ्यांचं सांगितलं. लोहाच्या गोळ्यांनी काळं होतंच, बाई म्हणाल्या, त्यात जळलेलं काही नाही.

मुंजाजी खुर्चीत मागे टेकला. महिन्यात पहिल्यांदा त्याने पूर्ण श्वास घेतला. तो अर्धाच बाहेर आला होता, तेवढ्यात पुढचा प्रश्न आला.

"पण एवढं गाजर कशासाठी?"

"डोळ्याला कमजोरी आली ना बाई यांच्या," जनकाबाई म्हणाली. "ह्ये बघा, कागद हाय."

मुंजाजीने हात पुढे केला, पण कागद पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी वाचला. उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

"यात कमजोरी कुठंय? लांबचा नंबर आहे, चष्मा लावा, एवढंच लिहिलंय. नंबर म्हणजे डोळ्याच्या आकारातला फरक असतो. गाजराने आकार कसा बदलेल? तुम्हाला सांगितलं नाही का तिथं?"

धम्मानंदने चष्मा काढून खिशात ठेवला. त्याला हसू आवरत नव्हतं आणि ते दिसू नये एवढी माणुसकी त्याच्यात होती.

जनकाबाई नवऱ्याकडे वळली. ती चिडेल, रडेल, काहीतरी बोलेल म्हणून मुंजाजीने मान आत घेतली. तिने नुसते दोन्ही हात त्याच्या पुढे धरले. किसणीने बोटांची सालं निघाली होती, अंगठ्याजवळ चिंधी बांधलेली होती.

"सव्वीस दिस किसून राहिले मी," ती म्हणाली. "काहून न्हाई सांगितलं?"

त्या हातांकडे डॉक्टरीणबाईही बघत होत्या, पण त्या जखमा बघत नव्हत्या, नखं बघत होत्या. त्यांनी जनकाबाईला जवळ बोलावलं, तिची पापणी खाली ओढली आणि तशीच धरून ठेवत मुंजाजीला म्हणाल्या, "इकडे या. बघा."

मुंजाजी वाकला. पापणीच्या आत लाल दिसायला पाहिजे होतं, तिथं कागदासारखं पांढरं होतं.

"तुमचे डोळे पांढरे आहेत म्हणून तुम्ही ठणठणीत आहात," बाई म्हणाल्या. "यांच्या पापण्या पांढऱ्या आहेत, म्हणून या नाहीत. रोग तुमच्या घरात आहे, पण तुम्ही चुकीचा माणूस घेऊन आलात."

खालच्या लॅबमध्ये रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात पूर्णांक सहा निघालं, पाहिजे होतं बारा. बाईंनी विचारलं, तुम्ही काय खाता. जनकाबाईला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता. ती जरा गोंधळली, भावाकडे पाहिलं, मग म्हणाली, "ऱ्हायलेलं."

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी सगळं मुंजाजीलाच सांगितलं. लाल गोळ्या यांच्या आहेत, यांनीच घ्यायच्या, लिंबूपाण्याबरोबर. जेवणावर चहा नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची गूळपोळी, अंडं, आणि तुमच्या आधी किंवा तुमच्यासोबत, तुमच्या नंतर नाही. पंधरा दिवसांनी यांना परत आणा. मुंजाजी प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता. एवढ्या वेळा हो तो लग्नातही म्हणाला नव्हता.

चष्मा त्याच दिवशी झाला. दुकानदाराने आरसा पुढे धरला तर मुंजाजीने आधी डोळे मिटून घेतले. धम्मानंदने पंगतीचा हिशोब तिथं काढला नाही. एवढंच म्हणाला, की दाजी, कानामागं टोचत असंल तर वाकवून घ्या, पहिले दोन दिवस टोचतं. मुंजाजीला शिव्या परवडल्या असत्या.

वीस तारखेला दोन्ही कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर होते. भावसिंगने किल्ली मुंजाजीच्या हातात दिली, दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि मागे वळून न बघता निघून गेला.

एकवीसच्या सकाळी मुंजाजी चष्मा लावून गाडीवर बसला. नारिंगी तोंड, काळी फ्रेम. पोरं दहा मिनिटं हसली आणि विसरून गेली. त्याने गाडी चालू केली, गाव सोडलं आणि मग त्याला रस्ता दिसला.

नऊ वर्षं तो या रस्त्याने गेला होता. रस्ता म्हणजे पुढची काळसर पट्टी आणि बाजूने हिरवं-करडं काहीतरी, असं तो समजत होता. आता त्याला डांबराची तुटलेली कड दिसली. कडेखालचा खड्डा दिसला. ओढ्यावरच्या पुलाला कठडा नव्हता आणि जिथं कठडा असायला पाहिजे होता तिथून खालचे दगड एकेक मोजता येत होते. या पुलावरून तो रोज चौथ्या गिअरमध्ये, मागच्या पोरांवर ओरडत गेला होता. समोरून उसाची ट्रॉली येत होती आणि तिच्या बाहेर आलेल्या मोळ्या त्याला वेगवेगळ्या दिसत होत्या.

मुंजाजीने गाडी बाजूला घेऊन थांबवली. एका पोरीने विचारलं की काका, काय झालं. तो म्हणाला, समोरून गाडी येऊन राहिली. पोरगी खिडकीतून बघून म्हणाली, ती तर तिकडं फाट्याजवळ हाय.

"येईलच की," मुंजाजी म्हणाला आणि थांबून राहिला.

पुलापाशी तो खाली उतरला, पावलांनी पूल मोजला, गाडी मोजली, परत वर चढला आणि पहिल्या गिअरमध्ये पार झाला. त्या दिवशी पोरं प्रार्थना संपल्यावर पोचली. दुसऱ्या दिवशी पहिला तास संपल्यावर. तिसऱ्या दिवशी एक सायकलवाला म्हातारा बसच्या पुढे निघून गेला आणि पोरांनी खिडकीतून त्याला टाळ्या वाजवल्या.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मुंजाजीला बोलावलं. पालकांचे फोन सुरू झाले होते. फाइल समोर उघडी होती, डोळ्यांचा कागद वरच लावलेला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला, सही तपासली आणि सांभाळून विचारलं, की डोळ्यांना अजून काही त्रास आहे का.

"डोळे आता बराबर झाले, सर," मुंजाजी म्हणाला. "त्याचीच तकलीफ हाय."

मुख्याध्यापकांनी भावसिंगला फोन लावला. फोन बंद होता. अध्यक्षांच्या शेतावर लावला. तिथून कळलं की भावसिंग सकाळीच ट्रॅक्टर घेऊन कुठल्यातरी लांबच्या शेतावर गेलाय आणि कुठल्या ते सांगून गेला नाही. मुख्याध्यापकांनी फाइल मिटली. मग दाराकडे बघून, आवाज बराच खाली आणून, स्वतःचीच लाज वाटल्यासारखे म्हणाले, "सरळ रस्त्याला तरी... थोडा वेळ चष्मा काढून चालवता येईल का?"

मुंजाजीने चष्म्याच्या काडीला हात लावला. मग तो हात खाली घेतला.

"न्हाई जमणार, सर," तो म्हणाला. "तुमी पोरांना पाऊण तास आधी बोलवा. अन् एक दिस माझ्या शेजारी बसून चला."